‘सायक्लोन’ : एक शब्द, एक पारदर्शक पट आणि वादळातून सुटण्याची विद्या

‘सायक्लोन’ हा शब्द युरोपातील एखाद्या विद्यापीठात नव्हे, तर कलकत्त्यात तयार झाला, ही गोष्ट कोशकारांना परिचित असली तरी तो कशासाठी तयार झाला याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. हेन्री पिडिंग्टन (१७९७–१८५८) याने १८४८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तो प्रथम सुचविला. हा ग्रंथ विद्वानांसाठी लिहिलेला नव्हता; भर समुद्रात वादळात सापडलेल्या कप्तानाने सुकाणू कोणत्या दिशेस फिरवावे, हे त्यास सांगण्यासाठी तो लिहिलेला होता. म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील हा शब्द मुळात जीव वाचविण्याच्या एका व्यवहारासाठी घडविला गेला. प्रस्तुत लेखात या शब्दाचा आणि त्या व्यवहाराचा इतिहास एकत्र पाहावयाचा आहे. दोन्ही एकत्र पाहिले असता असे दिसते की, पिडिंग्टनने निवडलेला शब्द अतिशय सावध होता. परंतु त्याच शब्दाच्या प्रसारासाठी त्याने जे चित्र खलाशांच्या हाती दिले ते तितके सावध नव्हते. या दोहोंतील अंतराची किंमत पुढे कित्येक जहाजांना मोजावी लागली.

प्रथम अडचण काय होती ते समजून घेतले पाहिजे. आपल्या माळरानावर उठणारी वावटळ डोळ्यांना सगळी दिसते. ती फिरते, पुढे सरकते, तिच्या वाटेतून बाजूस व्हावे हे लहान मुलासही कळते. समुद्रावरील मोठ्या वादळाचा व्यास शेकडो मैलांचा असतो. जहाजाच्या फळ्यांवर उभ्या असलेल्या माणसास त्यातील एका बिंदूवरचा वारा तेवढा कळतो. तो वारा वर्तुळाकार फिरणाऱ्या एका प्रचंड राशीचा भाग आहे, हे त्यास दिसणे शक्यच नाही. वारा अकस्मात पडतो, घटका दोन घटका आकाश मोकळे होते आणि मग तोच वारा उलट दिशेने दुप्पट वेगाने कोसळतो, हा अनुभव जुन्या दर्यावर्दींना होता. विल्यम डँपियरने सतराव्या शतकाच्या अखेरीस चीनच्या समुद्रातील तुफानाचे असे वर्णन करून ठेवले आहे. परंतु अनुभव आणि आकृती या भिन्न गोष्टी होत. वादळाची आकृती ही डेकवर नव्हे, तर कागदावर सापडली. अनेक जहाजांच्या रोजनिशा एकत्र करून, एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी वारा कोणत्या दिशेचा होता हे नकाशावर मांडल्यावरच ती प्रकट झाली.

हे काम टप्प्याटप्प्याने झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील जेम्स कॅपर याने १८०१ साली, पाँडिचेरी व मद्रास येथील १७६० आणि १७७३ च्या वादळांचा विचार करून, ही वादळे म्हणजे प्रचंड भोवरे असावेत असे सुचविले होते. पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. अमेरिकेत विल्यम रेडफील्डने १८२१ च्या सप्टेंबरातील वादळानंतर कनेक्टिकटमध्ये प्रवास करताना पाहिले की, एका भागात झाडे एका दिशेस पडली आहेत, तर काही अंतरावर नेमकी उलट दिशेस. दहा वर्षांनी, १८३१ साली, त्याने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याच वर्षी बार्बाडोस बेट वादळाने उद्ध्वस्त झाले आणि तेथील पुनर्बांधणीसाठी गेलेल्या विल्यम रीड या इंजिनिअर अधिकाऱ्याने या प्रश्नाचा ध्यास घेतला. रीडचा ग्रंथ १८३८ साली निघाला. ‘वादळांचा नियम’ ही संज्ञा त्या ग्रंथामुळे रूढ झाली आणि पिडिंग्टनला प्रेरणा मिळाली तीही त्याच ग्रंथापासून.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करणे अवश्य आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावर वादळ टाळण्याची विद्या नव्हती असे नाही. ती कॅलेंडरची विद्या होती. पावसाळा तोंडावर आला की गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारावयाची आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा झाल्यावाचून ती पुन्हा पाण्यात लोटावयाची नाहीत, हा नियम नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यापुरता बिनतोड आहे. मात्र अरबी समुद्रातील आणि बंगालच्या उपसागरातील तीव्र वादळे मुख्यतः मोसमाच्या दोन्ही कडांस, म्हणजे एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होतात. जेव्हा गलबते समुद्रात असतात त्याच काळात. नाखव्याच्या नियमाने ऋतू टळत असे, वादळ टळतेच असे नाही. शिवाय लांब पल्ल्याच्या जहाजांना ऋतू पाहून थांबणे परवडत नसे. त्यांना वादळाच्या सान्निध्यात वावरण्याची रीत हवी होती.

पिडिंग्टन स्वतः व्यापारी जहाजावरील कप्तान होता. पुढे तो कलकत्त्यास स्थायिक झाला आणि तेथील जहाज-अपघातांच्या चौकशी न्यायालयाचा अध्यक्ष झाला. बुडालेल्या व मोडलेल्या जहाजांची हकीकत ऐकणे हाच ज्याचा उद्योग, त्याच्या हाती रोजनिशा आपोआप येत. १८३९ पासून त्याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एकेका वादळावर निबंध लिहिण्यास प्रारंभ केला आणि पुढील पंधरा-सोळा वर्षांत असे वीसहून अधिक निबंध प्रसिद्ध केले. हे निबंध वाचनीय नाहीत. अमुक तासास वारा अमुक, बारोमीटर अमुक, डोलकाठी तोडली, असे तक्ते पानोपानी आहेत. परंतु ऐतिहासिक पद्धतीचा विद्यार्थी त्यांकडे कौतुकानेच पाहील. साक्षी अनेक, प्रत्येकाची साक्ष अपुरी, कित्येकांची घड्याळे चुकलेली. त्यांतून एक घटना उभी करावयाची, हे इतिहासकाराचेच काम होय.

त्याने तपासलेल्या प्रकरणांत ‘चार्ल्स हेडल’ या जहाजाचे प्रकरण सर्वांत प्रसिद्ध आहे. १८४५ च्या फेब्रुवारीत मॉरिशसजवळ हे दोन डोलकाठ्यांचे जहाज वादळात सापडले. कप्तानाने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वाऱ्याकडे पाठ केली आणि वारा नेईल तिकडे जहाज पळू दिले. २२ पासून २७ फेब्रुवारीपर्यंत ते पळतच होते. रोजनिशीवरून मार्ग काढला तेव्हा असे आढळले की, जहाजाने या अवधीत हजाराहून अधिक मैल अंतर कापले होते. परंतु ते वादळाच्या केंद्राभोवती पाच वेळा फिरले होते आणि मूळ ठिकाणापासून त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी अंतरावर पोहोचले होते. पिडिंग्टनला यात वर्तुळाच्या सिद्धांताचा जिवंत पुरावा दिसला आणि तो आनंदित झाला. आपल्याला त्यात दुसरेही काही दिसते. वाऱ्यापुढे पळणे म्हणजे वादळापासून पळणे नव्हे, ही गोष्ट या एका प्रवासाने जितकी स्पष्ट केली तितकी कोणत्याही सिद्धांताने केली नसती.

आता शब्दाकडे वळू. पिडिंग्टनपूर्वी इंग्रजीत वादळास शब्द पुष्कळ होते. पण ते एक तर वाऱ्याचे बळ सांगत, नाही तर वादळाचा देश. ‘हरिकेन’ हा कॅरिबियन बेटांतील मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिशद्वारा आलेला. ‘टायफून’ हा चीनच्या समुद्राचा. या दुसऱ्या शब्दाचा वंशवृक्ष तर गुंतागुंतीचा आहे: त्यात अरबी-फारसी ‘तूफान’, ग्रीक ‘टायफोन’ आणि चिनी भाषेतील वाऱ्याचे नाव हे तिन्ही प्रवाह मिसळले आहेत. आपल्या मराठीतील ‘तुफान’ यांपैकी अरबी शाखेचे. कुराणात तो शब्द नूहच्या जलप्रलयास लाविलेला आहे, आणि मराठीत मात्र जलाचा अर्थ मागे पडून वाऱ्याचा पुढे आला. ‘वादळ’ या शब्दाची हकीकतही अशीच आहे. पालीत ‘वद्दलिका’ म्हणजे पावसाळी हवा. हिंदीतील ‘बादल’ आणि आपले ‘वादळ’ एकाच घराण्यातले. एकाने ढग ठेवला, दुसऱ्याने वारा. सारांश, हे सर्व शब्द आकाशाचे, पाण्याचे अथवा वाऱ्याच्या जोराचे होते. आकृतीचा शब्द एकही नव्हता.

पिडिंग्टनला नेमका तोच हवा होता. त्याने ग्रीक ‘कुक्लोस’ या शब्दाचा आधार घेतला आणि तसे करताना एक बारीक खुलासा केला. ग्रीकमध्ये या शब्दकुटुंबाचा उपयोग सापाच्या वेटोळ्यासाठीही होतो. म्हणून हा शब्द घेतल्याने वारा नेमक्या वर्तुळात फिरतो असे विधान होत नाही, केवळ वर्तुळाकार फिरण्याची प्रवृत्ती व्यक्त होते, असे त्याचे म्हणणे. परिभाषा घडविणाऱ्या माणसाकडून अशी सावधगिरी क्वचितच दिसते. वर्तुळ आणि वेटोळे यांत भेद आहे. वर्तुळावर चालणारा सदैव केंद्रापासून सारख्याच अंतरावर राहतो. वेटोळ्यावर चालणारा आत आत ओढला जातो.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको की, ‘कुक्लोस’ आणि संस्कृत ‘चक्र’ हे एकाच मूळ इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज होत; इंग्रजी ‘व्हील’ हाही त्यांचाच भाऊ. संस्कृतात ‘चक्रवात’ हा शब्द पूर्वीच होता. भागवताच्या दशम स्कंधात तृणावर्त दैत्य बालकृष्णास उचलून नेतो तो चक्रवाताच्या रूपाने. पण तो चक्रवात म्हणजे वावटळ; धूळ उडविणारी, डोळ्यांनी दिसणारी. हिंदीने आधुनिक अर्थासाठी तोच शब्द स्वीकारला, मराठीने ‘चक्रीवादळ’ पत्करले. म्हणजे कलकत्त्यातील इंग्रजाने ग्रीकमधून जे उसने आणले, ते मराठीत आले तेव्हा आपल्याच घरातील भावंडाच्या वेषाने आले. फरक इतकाच की, ‘कुक्लोस’भोवती पिडिंग्टनने सापाच्या वेटोळ्याची जी पुस्ती जोडली होती, ती ‘चक्री’मध्ये उरली नाही. चाक म्हटले की आपल्या मनात पूर्ण वर्तुळच उभे राहते.

मात्र ही पुस्ती प्रथम गळाली ती भाषांतरात नव्हे, पिडिंग्टनच्या स्वतःच्या पुस्तकात. पुस्तकाचे नाव ‘हॉर्न-बुक’. इंग्लंडात पूर्वी मुलांना अक्षरओळख करून देण्यासाठी लाकडी पाटीवर कागद लावून त्यावर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा बसवीत. तिचे हे नाव. वादळविद्येचे मुळाक्षर शिकविणारे पुस्तक, असा श्लेष त्यात आहे आणि श्लेषाला वस्तूचीही जोड आहे, कारण पुस्तकाबरोबर शिंगाच्या पापुद्र्यावर छापलेले दोन पारदर्शक पट दिलेले असत; एक उत्तर गोलार्धासाठी, एक दक्षिण गोलार्धासाठी. पटावर एकात एक वर्तुळे आणि त्यांवर वाऱ्याच्या दिशा दाखविणारे बाण. कप्तानाने नकाशावर आपले स्थान पाहावे, आपल्याकडील वाऱ्याची दिशा पटावरील ज्या बाणाशी जुळेल तो बाण त्या स्थानावर ठेवावा, म्हणजे पटाचा मध्य जेथे येईल तेथे वादळाचे केंद्र. काही तासांनी वारा बदलला की पट पुन्हा ठेवावा. दोन मध्यांवरून वादळाची वाटचाल कळेल. जे कधी कोणास दिसले नव्हते ते आता तळहातावर धरून समुद्राच्या नकाशावरून सरकविता येऊ लागले. या कल्पनेचे सौंदर्य नाकारता येत नाही. पण पटावरील वर्तुळे कंपासाने काढलेली होती.

या पटापासून निघणारा नियम असा: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले असता केंद्र उजव्या हातास, काटकोनात असते. होकायंत्राचे वर्तुळ ३२ भागांत विभागलेले असल्याने हा काटकोन आठ भागांचा. म्हणून ‘आठ भागांचा नियम’. त्यावर पुढील सर्व डावपेच उभारलेले. उत्तर गोलार्धात वादळ ज्या दिशेने चालले आहे तिकडे तोंड केले असता त्याचा उजवा भाग अधिक भयंकर असतो. तेथे वाऱ्याच्या वेगात वादळाच्या चालीची भर पडते, आणि वाऱ्यापुढे पळणारे जहाज नेमके वादळाच्या वाटेवर लोटले जाते. डाव्या भागात वेग वजा होतो आणि वारा जहाजास मागल्या बाजूस नेऊन सोडतो. आपण कोणत्या भागात आहोत हे ओळखण्यासाठी जहाज थोपवून धरावे आणि वारा कसा फिरतो ते पाहावे. तो घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल तर उजवा भाग: वारा जहाजाच्या पुढच्या उजव्या अंगावर घेऊन, झेपेल तितके पुढे रेटावे. उलट फिरत असेल तर डावा भाग: वारा मागच्या उजव्या अंगावर घेऊन पळावे. वारा न फिरता केवळ वाढत असेल आणि बारोमीटर उतरत असेल, तर जहाज वादळाच्या ऐन वाटेवर आहे. तेथूनही वारा मागच्या उजव्या अंगावर घेऊन डाव्या भागाकडे सुटावे. दक्षिण गोलार्धात सर्व उलट. जहाज थोपविण्याची अट किरकोळ वाटते, पण तीच कळीची आहे. वेगाने चालणाऱ्या जहाजावर वारा फिरल्याचा भास जहाजाच्या चालीनेही होतो, आणि त्यावरून भाग ओळखला तर तो उलटाही ओळखला जाईल.

या डावपेचांची चौकट आजही नाविक शाळांत शिकवितात, कारण ती मूलतः बरोबर आहे. चूक होती ती केंद्राच्या दिशेत. वारा वर्तुळाच्या स्पर्शरेषेवर वाहत नाही. तो केंद्राकडे कललेला असतो. मॉरिशसच्या वेधशाळेतील चार्ल्स मेल्ड्रम याने दक्षिण हिंदी महासागरातील जहाजांच्या रोजनिशांवरून, विशेषतः १८७० नंतरच्या दशकात, ही गोष्ट आग्रहाने मांडली आणि आठ भागांच्या नियमाने चालणारी जहाजे केंद्राकडेच जातात हे दाखवून दिले. आता केंद्र आठ ते बारा भागांच्या दरम्यान, म्हणजे ९० ते १३५ अंशांत, धरतात. फरक लहान वाटेल. वारा ३० अंशांनी आत कललेला आहे आणि केंद्र १०० मैलांवर आहे असे समजू; पिडिंग्टनचा पट केंद्र खऱ्या जागेपासून सुमारे ५० मैल बाजूस दाखवील. आणि वारा ऐन पाठीवर घेऊन पळणारे जहाज, आपण केंद्रापासून सारखे अंतर राखून आहोत अशा समजुतीत, वेटोळ्याच्या मार्गाने आत शिरत राहील. दक्षिण हिंदी महासागरातील नैर्ऋत्येकडे सरकणाऱ्या वादळांच्या पुढील अंगास वारा दीर्घकाळ स्थिर राहतो, तेथे हा धोका विशेष होता.

पिडिंग्टनवर यासाठी किती दोष ठेवावा? वारा आत वळत असावा ही शंका त्या काळी अज्ञात नव्हती. अमेरिकेत जेम्स एस्पी तर सर्व वारे केंद्राकडेच वाहतात असे दुसरे टोक धरून रेडफील्डशी वर्षानुवर्षे भांडत होता. पिडिंग्टनलाही हा प्रश्न ठाऊक होता. नाही तर शब्द निवडताना सापाच्या वेटोळ्याची आठवण त्यास होती ना. प्रस्तुत लेखकाच्या मते, दोष हेतूचा नाही, माध्यमाचा आहे. शब्दाला अनिश्चितता पेलता येते. छापलेल्या पटाला येत नाही. ‘वर्तुळाकार प्रवृत्ती’ असे लिहिता येते, पण प्रवृत्तीची रेघ काढता येत नाही. रेघ काढावयाची तर कोणती तरी एकच काढावी लागते. आणि वादळाच्या रात्री कप्तान ग्रंथाची प्रस्तावना वाचीत नाही, पट हाती घेतो. पिडिंग्टनच्या आणखी एका कल्पनेवर मात्र टीका केली पाहिजे. वादळ टाळणे आणि न टळल्यास त्यात निभावणे, यांच्या जोडीस त्याने तिसरे साध्य सांगितले होते: वादळाच्या कडेने जाऊन वेगवान वाऱ्याचा फायदा घेणे. केंद्राची जागा अचूक कळते असा विश्वास असल्याखेरीज असा सल्ला कोणी देणार नाही.

त्याच माणसाने १८५३ साली गव्हर्नर-जनरल डलहौसीस जाहीर पत्र लिहून मातला नदीवरील नियोजित बंदराबद्दल इशारा दिला होता, हेही येथे सांगितले पाहिजे. वादळाबरोबर येणारी समुद्राची लाट हे बंदर गिळील, असे त्याचे म्हणणे होते. बंदर बांधले गेले, त्यास कॅनिंगचे नाव मिळाले, आणि १८६७ च्या नोव्हेंबरातील वादळाने ते उद्ध्वस्त झाले. पिडिंग्टन तोवर वारला होता. मधल्या काळात, १८६४ च्या ऑक्टोबरात, कलकत्त्याचीही वादळाने धूळधाण झाली होती. या आपत्तींमधून सरकारी हवामान खात्याची निकड पटली आणि १८७५ साली ते स्थापन झाले. त्या खात्यातील जॉन इलियटने १८९० साली बंगालच्या उपसागरातील वादळांवर खलाशांसाठी हस्तपुस्तक लिहिले; त्यात आत वळणारा वारा हे गृहीतच आहे.

सर्व नियमांना एक अनुक्त अट आहे ती मोकळ्या पाण्याची. किनारा जवळ असेल तर उजवा भाग ओळखूनही उपयोग नाही, कारण जावयाचे कोठे? १८८८ च्या नोव्हेंबरात मांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट काठियावाडच्या किनाऱ्यानजीक शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. वाफेच्या यंत्राने जहाजास वाऱ्याविरुद्ध जाण्याचे बळ दिले होते, किनारपट्टीच्या मार्गाने जागा दिली नव्हती. आणि केंद्राची जागा चुकल्याने जहाज जाण्याचा प्रकार शिंगाच्या पटाबरोबर संपला असेही नाही. १ ऑक्टोबर २०१५ रोजी ‘एल फारो’ हे अमेरिकी मालवाहू जहाज बहामा बेटांजवळ ‘वाकीन’ या वादळात बुडाले आणि ३३ माणसे गेली. कप्तान ज्या संगणकीय नकाशावर विसंबला होता त्यातील माहिती कित्येक तास शिळी होती, असे चौकशीत निष्पन्न झाले.

आपल्या परिभाषेविषयी एक सूचना करून हा लेख पुरा करतो. इंग्रजी नाविक ग्रंथांत वादळाच्या दोन भागांना जी नावे आहेत त्यांची मराठी रूपे करताना ‘धोक्याचे अर्धवर्तुळ’ आणि ‘सुरक्षित अर्धवर्तुळ’ असे लिहिण्याचा मोह होतो. त्यांतील दुसरे रूप सर्वथा त्याज्य आहे. मूळ शब्दाचा अर्थ ‘जेथून जहाज हाकता येते’ इतकाच आहे. सुरक्षितता त्यात नाही. ‘घातक’ आणि ‘नौगम्य’ ही जोडी बरी. ‘अर्धवर्तुळ’ या उत्तरपदाचे काय करावे, हा प्रश्न उरतोच. वारा वर्तुळात फिरत नाही हे सिद्ध होऊन दीडशे वर्षे झाली तरी इंग्रजीने ते पद टाकलेले नाही. मराठीत ‘घातक अंग’ आणि ‘नौगम्य अंग’ असे म्हणावयास हरकत नसावी. वादळाला अंग असते, असे आपले नाखवे नाही तरी म्हणतीलच.